मोच्याचं चामडं आणि माझे ब्रेक पॅड

पॅड बदलले, चाकं बसवली, गाडी सुरू केली, ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला गेलं! बुरोंडीच्या आमच्या अंगणाला उतार आहे. गाडी चिऱ्याच्या गडग्याकडे निघाली. हँडब्रेक ओढला म्हणून दोघं वाचलो, गडगाही आणि मीही. चूक माझीच. नवा पॅड जाड असतो, त्यासाठी कॅलिपरचा पिस्टन मागे दाबावा लागतो. मग गाडी हलवण्याआधी पेडल बऱ्याचदा दाबून तो पुन्हा पॅडला टेकवायचा असतो. ते मी विसरलो. ओटीवरून बाबा एवढंच म्हणाले, "आणि ह्या गाडीने तू ट्रॅकवर जाणार?"

हा उद्योग मुळात सुरू झाला तो घाटातल्यासारख्याच उतारावर. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याची मोटार चालवत मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाली. उतारांवर लाकडी ब्रेक झिजले. वाटेत तिने एका मोच्याकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनिंग म्हणतात ते हेच. १८९७ मध्ये इंग्लंडच्या हर्बर्ट फ्रूडने ब्रेकच्या घर्षणाचाच धंदा काढला. 'फेरोडो' हे नाव त्याच्या आडनावातून आलेलं. पुढे लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस आलं. उष्णता सोसायचं, पण त्याची धूळ फुप्फुसांत जायची. ब्रिटनने त्यावर १९९९ साली बंदी घातली. तरी जुन्या पॅडची धूळ मी कधी फुंकत नाही, ओल्या फडक्याने पुसतो.

शत्रू उष्णताच. गाडीचा वेग ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरतो. ड्रम ब्रेकमध्ये ती कोंडते, उघड्या डिस्कला वारा लागतो. १९५३ साली ल मान्सची २४ तासांची शर्यत जॅग्वार सी-टाइपने जिंकली ती डिस्क ब्रेकवर. बाकीचे वळणाआधी लवकर ब्रेक मारत होते, जॅग्वारवाले उशिरा.

म्हणून ट्रॅकचे पॅड वेगळे. तापल्यावर घट्ट धरतात, थंड असताना मात्र आळशी. आणि आमची सकाळ थंडच सुरू होते: दापोलीहून उतरणारा रस्ता, पावसात शेवाळलेली कड, वळणावर समोरून एसटी. तिथे तापलेला पॅड कुठून आणायचा? शिवाय हे पॅड करकरतात आणि डिस्कही लवकर खातात. इंटरनेटवरचे दादा हे फार सांगत नाहीत. ब्रेक ऑइलचंही तसंच. ते हवेतलं पाणी ओढतं, पाण्यामुळे लवकर उकळतं आणि बुडबुडे झाले की पेडल मऊ पडतं. कोकणच्या दमट हवेत जुनं ऑइल घेऊन ट्रॅकवर जाणं म्हणजे निव्वळ वेडेपणा.

ट्रॅकवरून आलो त्याच संध्याकाळी अंगणात पुन्हा जॅक लावला आणि रस्त्याचे पॅड चढवले. या वेळी बाबा ओटीवरून उतरले, ड्रायव्हर सीटवर बसले आणि मी म्हणायच्या आधीच पेडल दाबू लागले. मी बाहेरून मोजत होतो.