ऋणमोचनचा चिखल

गाडगेबाबांचं नाव काढलं की लोकांना खराटा आठवतो. माझ्या आजीला आठवायचा तो चिखल. ती मूर्तिजापूरकडची. पौषातल्या रविवारी गाडी जुंपून घरचे सगळे पूर्णेकाठच्या ऋणमोचनला जायचे. आंघोळ, मुद्गलेश्वराचं दर्शन आणि सोबत बांधून नेलेली भाकर, एवढंच तिच्या जत्रेचं स्वरूप. पण नदीत उतरायचं म्हणजे काळ्या मातीचा निसरडा काठ. ती सांगायची, "बाप्पा, पाय एकडाव रुतला का माणूस काढाले माणूसच लागे."

ज्या मातीनं वऱ्हाडाला कापूस दिला, तीच ही माती. कोरडी असली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि ओली झाली की ती पायाला सोडत नाही. त्यातून हा खारपाणपट्टा. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर या भागात विहीर खणली की पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. त्यामुळे परक्याला गोड्या पाण्याचा तांब्या देणं हे आमच्याकडे नुसतं शिष्टाचाराचं काम नव्हतं. तो तांब्या कोणीतरी लांबून डोक्यावर आणलेला असायचा.

ऋणमोचनच्या त्या काठावर एक तरणा माणूस म्हाताऱ्याकोताऱ्यांना हात देऊन वर ओढायचा, पोरं उचलून घ्यायचा, कोणाचं गाठोडं डोक्यावर घेऊन पल्याड पोचवायचा, असं जुनी माणसं सांगत. तो डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजे पुढचे गाडगेबाबा. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं शेंडगाव, जात परीट. बाप दारूपायी लवकर गेला. आई सखूबाई पोराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला भावाकडे आली. मामाची जमीन चांगली होती, पण सावकाराच्या वहीत तिचं मातेरं झालं. सावकाराची माणसं ताबा घ्यायला आली तेव्हा डेबूजी त्यांना वावरात आडवा गेला, ही गोष्ट त्याच्या चरित्रांत येतेच. मला ती महत्त्वाची वाटते. बाबांना नुसते दयाळू साधू करून ठेवणारे लोक हा भाग भराभर उरकतात. माणूस भांडखोर होता. फक्त कोणाशी भांडायचं हे त्याला नीट कळत होतं.

पोरीच्या बारशाला जातभाईंना दारू-मटण घालायची रीत. त्यानं बुंदीचे लाडू वाढले. जातभाई चिडले असतील, पण जेवून गेले. त्या काळात वऱ्हाडानं १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ काढले होते. खायला नाही तेव्हा कर्ज काढून गावजेवण कशापायी, हा प्रश्न दापुऱ्यात पुस्तकातून आला नव्हता.

१ फेब्रुवारी १९०५ च्या रात्री त्यानं घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि मडक्याचं खापर, एका कानात कवडी, दुसऱ्यात बांगडीची काच. तो हिमालयात गेला नाही. गावोगाव फिरायचा, गेल्या गेल्या रस्ता झाडायला घ्यायचा, आणि कोणी भाकर दिली तर त्याबदल्यात आधी काहीतरी काम करायचा. काही वर्षांनी तो पुन्हा उगवला तो ऋणमोचनलाच. १९०८ च्या सुमारास तिथं पूर्णेवर त्यानं लोकवर्गणीतून आणि श्रमातून घाट बांधायला घेतला. चिखलात हात देणं ठीकच, पण हात देणारा एकटा आणि उतरणारे हजारो. पायऱ्या झाल्या की हात द्यायला कोणी उभं राहावं लागत नाही. हा विचार वरवर साधा वाटतो, पण पुण्य मिळवायला निघालेल्या माणसाला तो सहसा सुचत नाही, कारण पायरीवरून चढणारा पायरीला नमस्कार करत नाही.

पुढं दरसाल पौषात तिथं आंधळे, पांगळे, महारोगी यांच्या पंगती बसू लागल्या, त्यांना घोंगड्या वाटल्या जाऊ लागल्या. वाढायला उभे राहणारे जातीनं कोण, हे विचारायची सोय नव्हती. बाबा स्वतः खराटा घेऊन उष्टी उचलत असल्यावर बाजूला उभ्या पाटलाला धोतर सावरून उभं राहणं अवघड जायचं. आजी हसून सांगे, "लाज वाटे म्हून काम करे लोक, भक्तीनं नाही." मला वाटतं यात बाबांची अर्धी करामत आली. त्यांनी कोणाला चांगलं व्हा म्हणून मनवलं नाही, रिकामं उभं राहणं महाग केलं.

ऋणमोचनची रीत पुढं पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथल्या धर्मशाळांपर्यंत गेली. पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्यांना टेकायला जागा नसे, म्हणून चोखामेळा धर्मशाळा. बाबा म्हणे पंढरीला जायचे, पण देवळात शिरायचे नाहीत, बाहेरच झाडत राहायचे. १९४९ साली ती धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. एवढ्या इमारती उभ्या केल्या, पण त्यांवर स्वतःचा किंवा नातेवाइकांचा हक्क ठेवला नाही. प्रत्येक ठिकाणी विश्वस्त नेमले, आणि १९५२ साली गाडगे महाराज मिशन निघालं. संतांच्या मागं गादीवरून भाऊबंदकी कशी पेटते हे आपण पाहतोच.

त्याच सुमाराला, १९४६ साली, अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवनात श्री जगदंबा कुष्ठनिवास सुरू केला. जत्रेच्या पंगतीत एका दिवसापुरतं पोट भरणाऱ्या माणसाला तिथं वर्षभराचं घर मिळालं आणि हाताला काम मिळालं. बाबांची घोंगडी थंडी भागवायची, पण रोग्याला उरलेले दिवस कुठं काढायचे याचं उत्तर तपोवनानं दिलं, हे कबूल केलं पाहिजे. आमच्या भागात बाबांपुढं दुसऱ्या कोणाचं नाव घेतलेलं चालत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबा गेले. आंबेडकर जाऊन पुरते पंधरा दिवस व्हायचे होते. समाधी अमरावतीत, त्या वस्तीला आता गाडगेनगर म्हणतात. विद्यापीठालाही त्यांचंच नाव आहे. २०००-०१ पासून त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान आलं. समिती यायची असली की आमचं गाव आठवडाभर आधी लख्ख व्हायचं. समितीची जीप गेली की उकिरडा पूर्वपदावर.

मुंबईत मात्र अजून वऱ्हाडी माणूस बाबांच्या दारात जातो. टाटा हॉस्पिटलात कॅन्सरच्या उपचाराला गेलेल्या आमच्याकडच्या कोणालाही विचारा, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा त्याला ठाऊक असते. पेशंटची फाइल दाखवायची, सोबत एखादा नातेवाईक, आणि परवडेल अशा भाड्यात जागा मिळते. शेजारच्या खाटेवर कोकणातला नाहीतर बिहारचा कोणी असतो. गावाकडून नेलेली ज्वारीची भाकर त्याला दिली की तो आधी चाचपून पाहतो, मग विचारतो, ही कशासोबत खायची?