वर्ध्याचा अभ्यासक्रम आणि राखेचा धडा

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला गेलेली आपली मुले सुट्टीत घरी आली की रसायनशास्त्राचे नाव काढताच कपाळाला हात लावतात. पाण्याची कठीणता, आम्ल, अल्कली, क्षार ही प्रकरणे पाठ होतात, पण डोक्यात शिरत नाहीत, अशी त्यांची तक्रार असते. ती ऐकताना आम्हाला वर्धा आठवते. कारण हेच विषय १९३७ साली खेड्यातल्या मुलांच्या अभ्यासक्रमात घालण्यात आले होते आणि ते घालणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. सात ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना मातृभाषेतून, मोफत आणि एखाद्या हस्तोद्योगाच्या आधारे शिकवावे, असा तिचा विचार होता. मुलांच्या कामातून शिक्षकांचा पगार निघावा, अशीही अपेक्षा होती. जामिया मिलियाची धुरा वाहणाऱ्या झाकिरसाहेबांनी तिथेच शंका मांडली की, कमाईवर फार भर दिला तर मास्तर गरिबांच्या लेकरांना राबवून घेतील. ज्यांनी शंका काढली, त्यांच्याकडेच समितीचे अध्यक्षपद सोपवले गेले. विनोबा, कुमारप्पा, काका कालेलकर, ख्वाजा गुलाम सय्यदैन ही मंडळी त्या समितीत होती.

डिसेंबर १९३७ मध्ये अहवाल तयार झाला. त्यातल्या सामान्य विज्ञानात वनस्पती, प्राणी आणि ताऱ्यांच्या ओळखीबरोबर रसायनशास्त्रही होते: हवा, पाणी, आम्ले, अल्कली आणि क्षार. अभियांत्रिकीचा विद्यार्थी आज जिथे अडखळतो, तोच हा पाया.

हा पाया घरातच असतो. विहिरीचे पाणी जड असले की तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून साका धरतात. धुण्याचा सोडा घातला की कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी बसते आणि पाणी मऊ होते. बॉयलरच्या नळ्यांत साचणारी खपली आणि आपल्या पातेल्याच्या बुडाचा पांढरा थर, दोन्ही एकाच जातीचे.

आपल्या आजी-नानी चुलीतल्या राखेने भांडी घासत. राखेतले पोटॅशियम कार्बोनेट तेलकटपणा सोडवते. अरबीत खाऱ्या जमिनीतल्या झुडपांच्या राखेला 'अल-कली' म्हणत, त्यावरूनच 'अल्कली' हा शब्द आला. पोटॅशियमची 'के' ही खूणही 'कॅलियम'मधली, म्हणजे त्याच मुळाची. 'साबण' हा शब्दसुद्धा अरबीतूनच आपल्या मराठीत आला. ज्या विषयाला आपली मुले परका समजतात, त्यात त्यांच्या घरचेच शब्द आहेत. पण हे त्यांना कुणी सांगत नाही.

मग तो अभ्यासक्रम गेला कुठे? १९३८ मध्ये हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला, झाकिरसाहेब त्याचे अध्यक्ष झाले. सेवाग्रामला 'नई तालीम'चे प्रयोगही झाले. पण मुस्लिम लीगने योजनेला कडाडून विरोध केला. धार्मिक शिक्षणाला तिच्यात जागा नाही, हा आक्षेप चर्चा करण्याजोगा होता. मात्र संशयाच्या त्या गदारोळात पाण्याचा आणि राखेचा धडाही वाहून गेला. दोष एकट्या लीगचा नाही. स्वातंत्र्यानंतर शहाण्यासुरत्या मंडळींनी आपली मुले इंग्रजी शाळांत घातली आणि हाताचे काम गरिबांच्या मुलांसाठी ठेवले. अशा शिक्षणाला प्रतिष्ठा कुठून मिळणार?

१९६७ साली झाकिरसाहेब राष्ट्रपती झाले. त्यांच्या तसबिरी आपल्या शाळांतून लागल्या, त्यांचा अभ्यासक्रम मात्र कपाटात राहिला. टकळीचे दिवस परत आणा, असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की मराठी किंवा उर्दू शाळेतून इंजिनिअरिंगला निघालेल्या मुलामुलीने एकदा तरी आपल्या विहिरीचे पाणी स्वतः तपासलेले असावे, राखेचे पाणी लिटमसवर टाकून पाहिलेले असावे. तेवढे झाले, तर पहिल्या वर्षाच्या पुस्तकात त्याला आपलेच घर दिसेल.