पावसाळी रविवारांची कांगा लीग

डॉ. एच. डी. कांगा स्मृती क्रिकेट लीग ही मुंबईतील क्लबांची साखळी स्पर्धा १९४८ च्या पावसाळ्यात सुरू झाली. मैदानात चिखल असतो, आभाळ भरलेले असते आणि देशात इतरत्र क्रिकेटचे सामान गुंडाळून ठेवलेले असते, अशाच दिवसांत ती खेळायची हे पहिल्यापासून ठरलेले होते. जुलै ते सप्टेंबरमधले रविवार तिच्या वाट्याला आले. पुढे काही वर्षी आरंभ लांबला, पण पावसाची सोबत सुटली नाही.

स्पर्धा ज्यांच्या नावाने आहे ते डॉ. होरमसजी कांगा (१८८०–१९४५) पेशाने डॉक्टर आणि पारशी संघाचे फलंदाज. १९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला, त्यात ते होते. पळवणकर बाळू यांनी शंभरावर बळी घेतले तो हाच दौरा. कांगांच्या हयातीत मुंबईचे मोठे क्रिकेट जमातींच्या नावाने चाले. १९०७ पासून तिरंगी, १९१२ पासून चौरंगी आणि १९३७ पासून पंचरंगी सामने झाले. युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम आणि शेवटी ‘इतर’ अशी ही विभागणी होती. गर्दी अफाट होई, पण विरोधही वाढत गेला. १९४० साली गांधीजींनी या सामन्यांविषयी नापसंती व्यक्त केली आणि १९४५-४६ च्या हंगामानंतर पंचरंगी बंद पडली. दोन वर्षांनी आलेल्या लीगमध्ये क्लब हा घटक होता. जुन्या जमातींच्या जिमखान्यांचे संघ तिच्यातही उतरले, पण आता ते अनेकांतले एक होते.

रचना साधी आहे. ‘ए’पासून ‘जी’पर्यंत सात गट, वर चढण्याची आणि खाली घसरण्याची सोय, आणि एका दिवसात दोन्ही संघांचे दोन-दोन डाव. प्रत्यक्षात पाऊस मधेच येतो, वेळ पुरत नाही आणि बहुतेक सामन्यांत पहिल्या डावातील आघाडीवरच गुणांचा निवाडा होतो. खरी गंमत विकेटची. ती झाकायची नाही, हा लीगचा प्राण. रात्रभर भिजलेल्या मातीवर ऊन पडले की चेंडू कधी छातीपर्यंत उसळतो, कधी घोट्याजवळून सरपटत जातो. आउटफील्डमध्ये गवत वाढलेले असते, त्यामुळे जमिनीवरून मारलेला फटका वाटेतच अडकतो आणि चौकार हवा असेल तर चेंडू उचलून मारावा लागतो. माळी लाकडाचा भुसा टाकून गोलंदाजाला पाय रोवण्यापुरती जागा करून देतो. अशा विकेटवर तीस धावाही मोठ्या वाटतात. मुंबईच्या फलंदाजांचे बचावाचे तंत्र आणि विकेट न फेकण्याचा हट्ट, ज्याला क्रिकेटवर्तुळात ‘खडूसपणा’ म्हणतात, याचे श्रेय अनेकजण या रविवारांना देतात. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे मुंबईने रणजी करंडक जिंकला. त्यामागे कार्यालयीन आणि शालेय स्पर्धांचाही मोठा हात होता, म्हणून सारे श्रेय एकट्या कांगा लीगला देणे अतिशयोक्तीचे ठरेल.

क्रिकेटचा हंगाम संपल्यावर खेळाडूंनी काय करावे, हा प्रश्न ऑस्ट्रेलियातही पडला होता. मेलबर्नचा क्रिकेटपटू टॉम विल्स याने १८५८ साली वृत्तपत्राला पत्र लिहून हिवाळ्यात अंग तयार ठेवण्यासाठी फुटबॉल क्लब काढण्याची सूचना केली. पुढच्याच वर्षी नियम लिहिले गेले आणि त्यातून ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल हा वेगळाच खेळ उभा राहिला. मुंबईने नवा खेळ शोधला नाही. जुनाच खेळ तिने पावसात नेला.

लीगचे सुवर्णदिन म्हणजे दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना यांची चुरस. एकीकडे माधव मंत्री, वासू परांजपे, सुनील गावसकर, दिलीप वेंगसरकर. दुसरीकडे अजित वाडेकर, रमाकांत देसाई, पद्माकर शिवलकर, संदीप पाटील. कसोटी खेळणारी माणसे आपल्या क्लबसाठी अर्धा दिवस पाऊस थांबायची वाट पाहत बसत. तिथे नवख्या पोराला नामवंतांसमोर उभे राहायची संधी मिळे. सचिन तेंडुलकर १९८४ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, जॉन ब्राइट क्लबकडून या लीगमध्ये उतरला.

सामन्यांची मैदाने मात्र प्रामुख्याने शहराच्या दक्षिण आणि मध्य भागात राहिली: आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, शिवाजी पार्क, माटुंगा. या मैदानांपासून दूर, मुंबईच्या पूर्वेकडील ट्रॉम्बेच्या बाजूला क्रिकेटला आधार मिळाला तो कारखान्यांचा. पन्नासच्या दशकात तिथे तेलशुद्धीकरण कारखाने, अणुऊर्जा संस्था आणि टाटांचे वीजकेंद्र आले. साठच्या दशकात खत कारखाना उभा राहिला, जो पुढे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स म्हणजे आरसीएफ झाला. नोकरीबरोबर खेळाडूंना मैदान मिळाले, आणि टाटा पॉवर, आरसीएफ यांसारखे संघ कार्यालयांसाठीच्या टाइम्स शील्डमध्ये खेळू लागले. पण क्लबकडून कांगा खेळायची तर ट्रॉम्बेच्या मुलाला रविवारी पहाटे बसने मानखुर्द किंवा गोवंडी स्टेशन गाठावे लागे आणि किटबॅग घेऊन हार्बर लाइनने व्हीटीला उतरावे लागे. स्टेशनाबाहेर पडले की आझाद मैदान जवळच, एवढीच काय ती सोय. तिथे पोहोचेपर्यंत पाऊस लागला तर भिजून परतणे आलेच.

नव्वदीनंतर लीगची झळाळी ओसरली. आंतरराष्ट्रीय दौरे बारमाही झाले, २००८ पासून आयपीएल आली आणि नामांकित खेळाडूंचे रविवार मोकळे राहिले नाहीत. ओल्या विकेटवर दुखापत ओढवून घेण्याची जोखीमही त्यांना परवडेनाशी झाली. शिवाय आता मोठे सामने झाकलेल्या, तयार विकेटवर होतात, तेव्हा चिखलात शिकलेल्या तंत्राचा उपयोग किती, असाही प्रश्न विचारला जातो. २०२० मध्ये कोविडमुळे स्पर्धा झालीच नाही. पुढे ती पुन्हा सुरू झाली. खालच्या गटांत आजही शाळकरी मुलगा आणि चाळिशी ओलांडलेला कारकून एकाच संघातून खेळताना दिसतात.