निवारागृहातील मरण कसे टळते?

विशेष प्रतिनिधी

भटक्या कुत्र्यांचा विषय निघाला की 'त्यांना उचला आणि निवारागृहात ठेवा' ही मागणी हमखास पुढे येते. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली आणि परिसरातील कुत्र्यांबाबत जवळपास असाच आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. पिसाळलेले, पिसाळल्याचा संशय असलेले आणि आक्रमक कुत्रे वगळता इतरांना निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावे, असे या पीठाने सांगितले. पुढे ७ नोव्हेंबरच्या आदेशात शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके आणि क्रीडासंकुले येथील कुत्रे हलवून निवाऱ्यात ठेवण्यास व पुन्हा तेथे न सोडण्यास फर्मावण्यात आले.

मात्र निवारागृहाचे दार आत उघडते तसे बाहेरही उघडावे लागते. आत येणारे प्राणी जास्त आणि बाहेर जाणारे कमी, असे झाले तर काय होते याचा अनुभव अमेरिकेने शंभरहून अधिक वर्षे घेतला. तेथे त्याचे उत्तर एकच होते. ते म्हणजे ठार मारणे. गेल्या तीन-चार दशकांत हे प्रमाण कसे खाली आले, हे आपल्याकडील चर्चेसाठीही पाहण्यासारखे आहे.

कोंडवाड्यापासून सुरुवात

एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कमध्ये पकडलेले बेवारस कुत्रे लोखंडी पिंजऱ्यात घालून ईस्ट नदीत बुडवले जात. १८६६ मध्ये हेन्री बर्ग यांनी तेथे प्राणी अत्याचार प्रतिबंधक संस्था स्थापन केली. १८९४ मध्ये या संस्थेने शहराच्या कोंडवाड्याचे काम हाती घेतले आणि शंभर वर्षे ते चालवले. बुडवण्याची पद्धत गेली. मारणे मात्र थांबले नाही, फक्त कमी वेदनादायक झाले. इतर शहरांतही हीच रीत होती. प्राणी काही दिवस ठेवायचा, मालक आला नाही, कोणी दत्तक घेतला नाही, तर पुढच्या प्राण्यासाठी पिंजरा रिकामा करायचा. १९७० च्या दशकात अमेरिकेत दरवर्षी मारल्या जाणाऱ्या कुत्र्या-मांजरांची संख्या एक कोटीहून अधिक असल्याचे अंदाज आहेत.

या कृतीला 'दयामरण' म्हटले जाई. वास्तविक असाध्य व्याधीने तळमळणाऱ्या जिवाची सुटका करणे हे दयामरण होय. केवळ जागा नाही म्हणून धडधाकट प्राण्याला मारणे ही वेगळी गोष्ट आहे. पुढील सुधारणांचा पाया या फरकावर उभा राहिला.

सॅन फ्रान्सिस्कोचा करार

या बदलातील महत्त्वाचे वर्ष १९९४ होय. सॅन फ्रान्सिस्कोतील प्राणी अत्याचार प्रतिबंधक संस्थेचे प्रमुख रिचर्ड ॲव्हान्झिनो यांनी शहराच्या निवारागृहाशी करार केला. दत्तक देण्याजोगा जो प्राणी शहराला ठेवता येणार नाही, तो संस्था स्वीकारेल आणि त्याला घर शोधून देईल, अशी हमी त्यात होती. मोठ्या शहरात निरोगी प्राण्यांना मारणे थांबवता येते, हे यातून दिसले. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियाने 'हेडन कायदा' करून बेवारस प्राणी ठेवण्याचा किमान कालावधी वाढवला. एखादी स्वयंसेवी संस्था प्राणी मागत असेल तर मारण्यापूर्वी तो तिच्या हवाली करणेही बंधनकारक केले.

यातूनच 'नो किल' ही संज्ञा रूढ झाली. तिचा अर्थ एकही प्राणी मारायचा नाही, असा नाही. आलेल्यांपैकी किमान ९० टक्के प्राणी जिवंत बाहेर पडले तर त्या केंद्राला हे बिरुद लावले जाते. उरलेल्या दहा टक्क्यांत असाध्य आजारी, गंभीर जखमी किंवा खरोखर धोकादायक प्राणी येतात, असे गृहीत धरलेले आहे. २००४ मध्ये अनेक संस्थांनी एकत्र येऊन 'निरोगी', 'उपचारयोग्य' आणि 'असाध्य' अशी वर्गवारी निश्चित केली. त्यामुळे कोणता प्राणी कोणत्या कारणाने मारला, याचा हिशेब मागणे शक्य झाले.

कोणते उपाय लागू पडले?

पहिला उपाय निर्बीजीकरणाचा. मांजरीचा गर्भकाळ साधारण दोन महिन्यांचा असतो आणि ती वर्षातून दोन-तीनदा विते. त्यामुळे निवारे कितीही बांधले तरी ते पुरत नाहीत. स्वस्त शस्त्रक्रिया केंद्रे सुरू झाली, दत्तक देण्यापूर्वीच शस्त्रक्रिया करण्याचा नियम झाला आणि आत येणाऱ्या पिलांचा ओघ आटू लागला.

दुसरा उपाय तात्पुरत्या पालकत्वाचा. डोळे न उघडलेल्या मांजराच्या पिलाला दर दोन-तीन तासांनी बाटलीने दूध पाजावे लागते. रात्री कुलूप लागणाऱ्या केंद्रात हे अशक्य असल्याने अशी पिले पूर्वी सर्वप्रथम मारली जात. स्वयंसेवकांनी काही आठवडे त्यांना घरी सांभाळले की ती जगतात. टेक्सासमधील ऑस्टिन शहरात एका संस्थेने अशा पिलांसाठी आणि 'पार्वो' झालेल्या कुत्र्यांसाठी स्वतंत्र कक्ष उभारले. २०१० मध्ये तेथील नगर परिषदेने 'नो किल' योजना स्वीकारली आणि पुढच्याच वर्षी ९० टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले गेले.

तिसरा उपाय रानटी वळणाच्या मांजरांसाठी. माणसाला न सरावलेले मांजर कोणी दत्तक घेत नाही. त्यामुळे निवाऱ्यात आणणे म्हणजे त्याला मरणाच्या दारी नेणेच होते. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिलमध्ये २००८ पासून अशा मांजरांना शस्त्रक्रिया व लस देऊन मूळ जागी सोडण्यास सुरुवात झाली.

चौथा उपाय दाराशीच अडवण्याचा. घरमालक परवानगी देत नाही किंवा उपचार परवडत नाहीत म्हणून अनेक जण प्राणी सोडून देतात. अशांना खाद्य, औषध वा सल्ला मिळाला तर प्राणी घरीच राहतो. मायक्रोचिपमुळे हरवलेल्या प्राण्याचा मालक सापडणेही सोपे झाले.

या सर्वांचा एकत्रित परिणाम आकड्यांत दिसतो. अमेरिकी प्राणी अत्याचार प्रतिबंधक संस्थेच्या अंदाजानुसार २०११ मध्ये तेथील निवाऱ्यांत सुमारे २६ लाख कुत्री-मांजरे मारली गेली. २०१९ पर्यंत ही संख्या सुमारे नऊ लाख वीस हजारांवर आली.

दुसरी बाजू

या चळवळीवर आक्षेपही आहेत. ९० टक्क्यांचा आकडा राखण्यासाठी काही केंद्रे आजारी वा वयस्क प्राणी घेण्यासच नकार देतात, काही ठिकाणी प्राणी वर्षानुवर्षे पिंजऱ्यात खितपत पडतात, असे टीकाकार म्हणतात. इटलीचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तेथे १९९१ च्या कायद्याने निरोगी बेवारस कुत्र्यांना मारण्यास बंदी घातली. निर्णय मानवी होता. परंतु दत्तक आणि निर्बीजीकरणाचा वेग सर्वत्र सारखा वाढला नाही. परिणामी विशेषतः दक्षिण भागातील कुत्र्यांचे निवारे तुडुंब भरले. मारण्यावर बंदी आणि बाहेर जाण्याची वाट बंद, अशी स्थिती झाली की पिंजरा हीच जन्मठेप ठरते.

आपल्याकडे काय?

भारतात हाच धोका संभवतो. मुंबईत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत महापालिका कुत्रे पकडून विजेच्या धक्क्याने मारत असे. १९९४ पासून शहर निर्बीजीकरणाकडे वळले. २००१ च्या केंद्रीय नियमांनी हीच पद्धत देशभर लागू केली. २०२३ च्या सुधारित नियमांनुसारही दयामरण केवळ असाध्य आजारी वा प्राणांतिक जखमी कुत्र्यालाच देता येते. म्हणजे निवारे भरले तरी मारून जागा करण्याचा मार्ग आपल्याकडे नाही आणि नसावा. मात्र देशी कुत्रा दत्तक घेणारी घरे मोजकीच आहेत. मुंबईत २०२४ च्या गणनेत सुमारे ९० हजार भटके कुत्रे आढळले. एका शहरातील एवढ्यांना आयुष्यभर ठेवायचे तर जागा, पशुवैद्यक आणि खाद्याचा खर्च कोण उचलणार, हा प्रश्न उरतोच.

नागरिकांची भीतीही खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रेबीजने जगात होणाऱ्या मृत्यूंपैकी ३६ टक्के भारतात होतात. परंतु त्यावरील उतारा निर्बीजीकरण आणि लसीकरणाचाच आहे. जयपूरमध्ये १९९४ ते २००२ या काळात योजनेच्या क्षेत्रातील सुमारे ६५ टक्के माद्यांची शस्त्रक्रिया व लसीकरण झाले. तेथील कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली आणि त्या भागात माणसांतील रेबीजचे प्रमाण शून्यावर आले.

तेव्हा नव्या निवारागृहाची घोषणा होईल तेव्हा पिंजरे किती, एवढेच विचारून भागणार नाही. दरमहा किती प्राणी आले, किती दत्तक गेले, किती परत सोडले आणि किती दगावले, ही चार आकड्यांची नोंद जाहीर होणे आवश्यक आहे. अमेरिकेत बदल घडला तो या हिशेबामुळे. नागरिकांपुरते बोलायचे तर विकतच्या पिलाऐवजी निवाऱ्यातील प्राणी घरी आणणे आणि पाळलेल्या मांजरीची वेळीच शस्त्रक्रिया करून घेणे, या दोन गोष्टी प्रत्येकाच्या हातात आहेत.