पाण्याकडे उतरलेला पंप

पंप पाणी ओढतो असें सर्वत्र बोलण्यांत येतें, आणि व्यवहाराची भाषा म्हणून तें चालूनही जातें. वस्तुतः कोणताही पंप पाणी ओढीत नाहीं. नळींतील हवा त्यानें बाहेर काढली, म्हणजे विहिरींतील पाण्यावर दाबून बसलेली बाहेरची हवा तें पाणी नळींत वर ढकलते. पंपाचें काम वाट मोकळी करून देण्यापुरतेंच. ही गोष्ट मनुष्याच्या ध्यानांत येण्यास फार काळ लागला. आणि ध्यानांत आल्यावरही पंप चालविणारें यंत्रच पाण्यांत बुडवून ठेवण्याचें धैर्य होण्यास आणखी पावणेतीनशें वर्षें जावीं लागलीं.

गॅलिलिओचा ‘दोन नवीं शास्त्रें’ हा संवादरूप ग्रंथ १६३८ सालीं लायडन येथें छापला गेला. त्यांत सॅग्रेडो नांवाचें पात्र एका टाक्यावरील पंपाची हकीकत सांगतें. टाक्यांत भरपूर पाणी असलें कीं पंप उत्तम चाले. पाणी ठराविक पातळीखालीं गेलें कीं बंद पडे. पंप बिघडला असें समजून त्यानें कारागिराला बोलाविलें. कारागिरानें उत्तर दिलें, तें असें कीं, दोष पंपाचा नाहीं, पाण्याचा आहे. तें फार खोल गेलें आहे, आणि पंप लहान असो वा मोठा, अठरा ब्राचोंच्या वर पाणी एक केसभरही चढणार नाहीं. अठरा ब्राचो म्हणजे सुमारें साडेदहा मीटर. कारागिराला माप ठाऊक होतें, कारण ठाऊक नव्हतें. गॅलिलिओनें कारण दिलें, पण तें चुकलें. लांब दोर स्वतःच्या वजनानें तुटावा तसा पाण्याचा स्तंभ तुटतो, असें त्याला वाटलें.

खाणींत काम करणारे लोक या मर्यादेशीं त्यापूर्वींच जुळवून घेऊन बसले होते. अॅग्रिकोलाच्या १५५६ सालच्या खाणशास्त्रावरील ग्रंथांत एकाखालीं एक बसविलेल्या पंपांचें चित्र आहे. तळचा पंप पाणी एका हौदांत टाकतो, त्या हौदांतून वरचा उचलतो. शास्त्राला जें उमगलें नव्हतें, त्याच्याशीं मजुरांनीं असा तह केला होता.

खरें कारण गॅलिलिओचा शिष्य टॉरिचेल्ली यानें १६४४ सालीं मांडलें. पारा पाण्याच्या साडेतेरापटीहून किंचित् अधिक जड. तेव्हां पाण्याचा स्तंभ दहा मीटरांवर अडत असेल, तर पाऱ्याचा पाऊण मीटरभरच राहिला पाहिजे. प्रयोगांत तसेंच झालें. पुढें १६४८ च्या सप्टेंबरांत पास्कलच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्यानें पारा भरलेली नळी फ्रान्समधील प्वी द दोम या डोंगरावर नेली, आणि माथ्यावर पारा खालीं उतरलेला आढळला. जेथें हवा कमी, तेथें ढकलही कमी. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंच आहे. म्हणून तेथें दहा मीटरांची मर्यादाही पुरती हातीं येत नाहीं. घर्षण व सांध्यांतून शिरणारी हवा जमेस धरतां सहा-सात मीटरांवर भरंवसा ठेवूं नये, हें बरें.

दख्खनमध्यें मोटेच्या काळांत हा प्रश्नच नव्हता. बैल धावेवरून उतरत, नाडा ताणला जाई, आणि चामड्याची मोट थेट पाण्यांत बुडून भरून येई. नाडा जेवढा लांब, तेवढी खोली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत किर्लोस्करवाडीचे व इतर ठिकाणचे पंप विहिरींवर येऊं लागले, तेव्हां मात्र टॉरिचेल्लीचा नियम शेतकऱ्याच्या दारीं आला. मग विहिरीच्या आंत, पाण्याच्या जवळ, कट्टा बांधून पंप बसवूं लागले. पावसाळ्यांत पाणी चढलें कीं तो बुडे. उन्हाळ्यांत पाणी उतरलें कीं तो उंच पडे.

पुढें १९७२ च्या दुष्काळानंतर गांवोगांवीं बोअर झाले. सोलापुरांत तयार झालेल्या हातपंपांत दट्ट्या व झडपा भूगर्भांत पाण्याच्या पातळीखालीं ठेवलेल्या होत्या. त्याच धर्तीवर १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप देशभर गेला.

दट्ट्या पाण्यांत उतरविणें सोपें. विजेची मोटर उतरविणें कठीण. हें काम मूळचें तेलाच्या विहिरींसाठीं झालें. तिफ्लिस येथें १८९३ सालीं जन्मलेला आर्मेनियन अभियंता आरुतुनॉफ १९१९ सालीं बर्लिनला व १९२३ सालीं अमेरिकेंत गेला, आणि १९२८ सालीं ओक्लाहोमांतील बार्टल्सव्हिल येथें स्थायिक झाला. अरुंद भोंकांत मावेल अशी बारीक व लांब मोटर, तिच्यावर एकावर एक रचलेले इंपेलर, आणि बाहेरचा द्रव आंत शिरूं न देणारा बंदोबस्त, अशी त्याची रचना होती. प्रत्येक इंपेलर दाबांत थोडी भर घालतो; अनेकांची बेरीज झाली कीं शंभर मीटरांचीही मातबरी उरत नाहीं. घरगुती बोअरमधील सबमर्सिबल पंप याच कुळांतला होय.

मात्र पाण्यांत राहणाऱ्या या यंत्राचें आयुष्यही पाण्यावरच आहे. मोटर तळाशीं असते, पाणी घेण्याचें तोंड तिच्या वर. खालून येणारें पाणी मोटरीला घासून जातें आणि तिला थंड ठेवतें. म्हणून पंप अगदीं तळाशीं, गाळांत टेकवूं नये, आणि पाण्याचा झरा त्याच्या वर राहील असा ठेवूं नये. आंत पाणी भरावयाची मोटर असेल, तर सोडण्यापूर्वीं ती स्वच्छ पाण्यानें काठोकाठ भरावी. पंपाचा भार केबलवर कधींही देऊं नये. पंप बंद केल्यावर लगेच पुन्हां सुरू करण्याची घाई करूं नये. उलटी न फिरणारी झडप गळकी असेल, तर परतणारें पाणी इंपेलर उलटे फिरवीत असतें.

पाणी तोंडाखालीं गेलें कीं नळ खोकूं लागतो, आणि स्टार्टरच्या पेटीवरील ॲम्पिअरमीटरचा कांटा नेहमीपेक्षां खालीं येतो. कांटा उतरला म्हणजे विजेची बचत झाली, असा कित्येकांचा समज असतो. असो. त्या क्षणीं कळ बंद करणें, एवढेंच योग्य. मोटेवरच्या माणसाला रोज पाणी दिसत असे. कळ दाबणाऱ्याला तें दिसत नाहीं. त्यानें वर्षांतून दोनदां, पावसाळ्यापूर्वीं व नंतर, दोरीला वजन बांधून पातळी मोजवून घ्यावी. पाणी उतरलें कीं आणखी दोन पाइप जोडून पंप खालीं सोडतात, आणि बोअरचा तळ येईपर्यंत तें चालतें. किती पाइप सोडले, याची नोंद पेटीच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस तारखेसह लिहून ठेवावी. पुढच्या वेळीं येणारा मेकॅनिक दुसराच असतो, आणि मागची खोली घरांत कोणाच्याही लक्षांत राहिलेली नसते.