गाळ कशाला म्हणायचे?

अणुभट्टीतून काढलेले इंधन जळून राख झालेले नसते. हलक्या पाण्याच्या भट्टीतल्या वापरलेल्या इंधनात सुमारे ९५ टक्के युरेनियम शिल्लक असते, एक टक्क्याच्या आसपास प्लुटोनियम तयार झालेले असते आणि उरलेले तीन-चार टक्के म्हणजे विखंडनातून निघालेली, अत्यंत किरणोत्सारी मूलद्रव्ये. यांतले काय वेगळे काढायचे आणि काय टाकून द्यायचे, याचे उत्तर निव्वळ रसायनशास्त्र देईल असे वाटते. पण इतिहास तसे सांगत नाही. प्रत्येक पद्धत त्या-त्या काळच्या राज्यसत्तेला काय हवे होते त्यातून घडली, आणि त्या वेळी जे नको होते ते कचरा ठरले.

याचा पहिला पुरावा अमेरिकेतल्या हॅनफर्डचा. डिसेंबर १९४४ मध्ये तिथे बिस्मथ फॉस्फेटची पद्धत सुरू झाली. इंधन नायट्रिक आम्लात विरघळवून प्लुटोनियम बिस्मथ फॉस्फेटच्या साक्यासोबत खाली बसवायचे, पुन्हा विरघळवायचे, पुन्हा बसवायचे. बॉम्बसाठी प्लुटोनियम हवे होते, म्हणून युरेनियम सगळ्या विखंडन-द्रव्यांसह टाक्यांत गेले. पुढे युरेनियमची टंचाई भासली, तेव्हा १९५२पासून तोच गाळ उपसून त्यातून युरेनियम काढावे लागले. त्यासाठी वापरलेले द्रावक होते ट्रायब्युटिल फॉस्फेट. दरम्यान आलेल्या रेडॉक्स पद्धतीत युरेनियमही परत मिळत असे. पण त्यातले हेक्झोन हे द्रावक ज्वालाग्राही होते आणि मिसळावे लागणारे ॲल्युमिनियम नायट्रेट कचऱ्यात भर घालत होते. १९५४ मध्ये अमेरिकेतल्याच सॅव्हाना रिव्हर प्रकल्पात प्युरेक्स पद्धतीने या दोन्ही अडचणी मिटवल्या. केरोसीनसारख्या तेलात मिसळलेले ट्रायब्युटिल फॉस्फेट युरेनियम आणि प्लुटोनियम दोन्ही उचलते, विखंडन-द्रव्ये आम्लात राहतात. मग प्लुटोनियमचे क्षपण केले की ते तेल सोडून पुन्हा पाण्यात उतरते. नायट्रिक आम्लही बाष्पीभवनाने परत मिळवता येते.

प्युरेक्सचे खरे सामर्थ्य याहून वेगळे होते. तिने प्लुटोनियम शुद्ध स्वरूपात हाती दिले, आणि त्याचे काय करायचे हा निर्णय पुढे ढकलण्याची सोय झाली. भारतातल्या तुर्भ्याचा इतिहास याच दृष्टीने पाहायला हवा. १९५५च्या जिनिव्हा अणुऊर्जा परिषदेत या विद्येची बरीच माहिती खुली झाली. परिषदेचे अध्यक्ष होते होमी भाभा. होमी सेठना यांच्या नेतृत्वाखाली तुर्भ्याचा प्लुटोनियम प्रकल्प उभा राहिला आणि १९६४ मध्ये तो सुरू झाला. सायरस भट्टीचे इंधन तिथे प्युरेक्सने विलग होऊ लागले.

यावर आक्षेप येईल की भारताचा हेतू ऊर्जेचा होता: युरेनियम थोडे, थोरियम मुबलक, प्लुटोनियमवर चालणाऱ्या द्रुत भट्ट्यांमधूनच थोरियमपर्यंत पोचायचे. भाभांची ही त्रिस्तरीय योजना खरी होती आणि तिच्यामागचा तर्क आजही भक्कम आहे. पण १९७४ मध्ये पोखरणच्या अणुस्फोटात वापरलेले प्लुटोनियमही सायरसच्याच इंधनातले होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, कारण पद्धत दोन्हींना सारखीच सोयीची होती. दोष रसायनाचा नव्हे, हे मान्य. परंतु शुद्ध प्लुटोनियम एकदा साठवणीत पडले की त्याच्या वापरावर बंधन फक्त धोरणाचे उरते. १९७७ मध्ये अमेरिकेत जिमी कार्टर यांनी वापरलेल्या इंधनाची व्यापारी पुनर्प्रक्रिया बेमुदत पुढे ढकलली, ती असे प्लुटोनियम शस्त्रांकडे वळेल या भीतीपोटी. फ्रान्सने मात्र ला आग येथे ती चालू ठेवली. एकाच विद्येबद्दल दोन देशांनी उलटे निर्णय घेतले, याचे कारण रसायनात सापडत नाही.

दुसरा आक्षेप असा की आता प्रश्न कचरा कमी करण्याचा आहे, जुन्या राजकारणाचा नव्हे. पण तिथेही व्याख्याच बदलते आहे. प्युरेक्सने आम्लात सोडून दिलेले अमेरिशियम आणि क्युरियम दीर्घकाळ किरणोत्सारी राहतात, म्हणून त्यांना वेगळे करण्याचा प्रायोगिक प्रकल्प तारापूरला २०१३ मध्ये उभा राहिला. आणि त्याच कचऱ्यातले सीझियम-१३७ रक्तपेढ्यांमधल्या रक्तावर गॅमा किरणांची प्रक्रिया करणाऱ्या उपकरणांसाठी वापरले जाऊ लागले. हॅनफर्डच्या टाक्यांचा धडा इथे लागू पडतो: आज जे टाकायचे ते उद्या परत काढावे लागू शकते, आणि तेव्हा ते अधिक महाग पडते. म्हणून कोणत्याही विलगीकरण-पद्धतीची पारख ती किती टक्के माल काढते यावर थांबू नये. ती मागे काय सोडते, कोणत्या स्वरूपात सोडते आणि शुद्ध केलेल्या मालाचा हिशेब कोण ठेवते, हेही आराखड्याच्या पहिल्याच पानावर विचारले पाहिजे.