पथ्य, पाव आणि पाषाणयुग

पथ्य हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. ताप उतरला की मऊ भात, खोकल्यात आंबट वर्ज्य, बाळंतिणीला अळिवाची खीर, ही पथ्ये घरोघर पाळली गेली आहेत. पण ती थोड्या दिवसांची असत. दुखणे गेले की पथ्यही जाई. अलीकडे आपल्या शहरांत एक नवे पथ्य शिरले आहे आणि ते जन्मभराचे आहे. गहू तर नकोच, पण कोणतेही धान्य नको; कडधान्ये नकोत, दूध नको, साखर नको. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळे आणि बदाम-अक्रोडासारखा मेवा एवढ्यावरच राहावयाचे. याला ‘ग्लूटेनमुक्त पॅलिओ’, म्हणजे चिकाविना पाषाणयुगीन आहार, असे म्हणतात. ज्या घरात नवराबायको दोघेही नोकरीवर जातात, मुलांचे डबे सकाळी सातला भरावे लागतात आणि सासूबाईंची चतुर्थी सांभाळावी लागते, त्या घरात हे पथ्य आले म्हणजे स्वयंपाकघराचे वेळापत्रकच कोलमडते. आम्ही वैद्य नव्हे. इतिहासाचे अभ्यासक आहोत. म्हणून हे पथ्य आले कोठून, एवढेच येथे पाहावयाचे आहे. पाहू गेल्यास असे दिसते की हे एक पथ्य नसून दोन आहेत. दोघांची कुळे वेगळी, आणि त्यांची गाठ बांधली गेली ती अगदी अलीकडे.

प्रथम चिकाचे कूळ पाहू. कणकेचा गोळा पाण्याखाली चोळत राहिले तर पांढरे पाणी निघून जाते आणि हातात रबरासारखा ताणणारा चिकट गोळा उरतो. बोलोन्या येथील बेकारी या पंडिताने १७२८ साली हा प्रयोग विद्वानांपुढे मांडला. तोच हा ग्लूटेन. पोळी फाटत नाही आणि पाव फुगतो, तो याच्याच बळावर. हाच पदार्थ काही माणसांच्या आतड्यांचा वैरी आहे, हे कळावयास मात्र पुढे सव्वादोनशे वर्षे लागली.

रोग जुना होता. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील ग्रीक वैद्य अरेटिअस याने पोट या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिले आणि तेच ‘सीलिअॅक’ या रूपाने आजवर टिकले. पोट फुगलेले, हातापायांच्या काड्या झालेल्या, खाल्लेले अंगी न लागणारे असे मूल कितीतरी आयांनी मांडीवर घेतले असेल. १८८८ साली लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांनी या रोगाचे नेटके वर्णन छापले आणि रोगी बरा व्हावयाचाच असेल तर तो आहारानेच होईल, असे निःशंकपणे सांगितले. सिद्धांत बिनचूक होता. पण पथ्य मात्र नेमके उलटे निघाले! त्यांनी भात आणि साबुदाणा वर्ज्य केला, आणि दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेला पातळ पाव चालेल म्हणून सांगितले. त्यांच्याच लेखात एका मुलाची हकीकत आहे. त्याला रोज हॉलंडचे ताजे शिंपले दिले तेव्हा ते मूल बाळसे धरू लागले. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि दुखणे उलटले. पुढल्या हंगामात शिंपले पुन्हा आले, पण ते मूल काही केल्या त्यांना तोंड लावीना. पथ्य वैद्याच्या कागदावर सोपे आणि ताटासमोर किती अवघड असते, हे सांगावयास ही एकच गोष्ट पुरे.

१९२४ मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचविला. पाव, बिस्किटे, धान्ये, बटाटे बंद, आणि केळी भरपूर. मुले खरोखर सुधारली आणि श्रेय केळ्याला मिळाले. वस्तुतः गुण केळ्याचा नव्हता. जे ताटातून गेले होते त्याचा होता. इतिहासात असे वारंवार घडते. जे समोर आहे त्याला मान मिळतो आणि जे निमूटपणे निघून गेले त्याची कोणी दखल घेत नाही.

ही दखल घेतली हॉलंडच्या विलेम कारेल डिके यांनी. हे बालवैद्य १९३६ पासून हेग येथील मुलांच्या रुग्णालयाचे प्रमुख होते. त्यांच्याविषयी एक कथा सर्वत्र सांगतात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मनांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली. पाव मिळेनासा झाला, लोक ट्यूलिपचे कंद शिजवून खाऊ लागले आणि हजारो माणसे मेली. पण सीलिअॅकची मुले मात्र सुधारली. मग मदतीचा पाव आला आणि ती पुन्हा आजारी पडली. त्यावरून डिके यांना शोध लागला. कथा मनोवेधक आहे, पण ती अर्धीच खरी आहे. डिके यांनी गव्हावाचूनच्या आहाराविषयीचा लेख १९४१ मध्येच प्रसिद्ध केला होता. दुष्काळाने फार तर त्यांचा संशय बळावला. आणि त्या संशयामागे होती एक तरुण आई. पाव बंद केला की माझ्या मुलाच्या अंगावरचा पुरळ झपाट्याने कमी होतो, असे तिने सांगितल्याची नोंद आहे. तिचे नाव इतिहासाने ठेवले नाही. डिके यांचा मोठेपणा असा की एका बाईचे स्वयंपाकघरातले निरीक्षण त्यांनी हसण्यावारी नेले नाही आणि डोळे मिटून मान्यही केले नाही. त्यांनी ते मोजून पाहिले. मुलांना निरनिराळी पिठे देऊन मळातील चरबीचे माप घेतले. गहू आणि राय यांनी रोग उलटतो. तांदूळ, मका, बटाटा, किंबहुना गव्हातील निव्वळ पिष्टदेखील बाधत नाही, असे दिसून आले. १९५० साली त्यांचा प्रबंध झाला आणि १९५३ पर्यंत सहकाऱ्यांसह त्यांनी दोष ग्लूटेनवर निश्चित केला. लवकरच आतड्याचा कण बाहेर काढून तपासण्याची सोय झाली आणि आईच्या डोळ्याला जे दिसले होते ते सूक्ष्मदर्शकाखालीही दिसू लागले.

हे झाले पहिल्या पथ्याचे कूळ. ते रुग्णालयात, आजारी मुलाच्या खाटेशी जन्मले. दुसऱ्याचे कूळ ग्रंथांतले आहे. १९७५ साली वॉल्टर व्होग्टलिन या अमेरिकन वैद्याने पाषाणयुगीन आहारावर पुस्तक लिहिले. १९८५ मध्ये ईटन आणि कॉनर यांनी एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात त्या कल्पनेला शास्त्रीय बैठक देण्याचा यत्न केला, आणि २००२ च्या कॉर्डेन यांच्या पुस्तकाने ती घराघरांत पोचविली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की शेती दहा-बारा हजार वर्षांची, माणसाचे शरीर लाखो वर्षांचे. म्हणून शरीराला मानवेल ते शेतीपूर्वीचेच अन्न. मैदा, साखर आणि डबाबंद खाद्ये कमी करा, एवढाच याचा अर्थ असेल तर आमची तक्रार नाही. परंतु इतिहास म्हणून हे टिकत नाही. गालिली सरोवराकाठी ओहालो येथे सुमारे तेवीस हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली आहे. तेथे रानटी जव आणि गहू मिळाले, आणि धान्य वाटल्याच्या खुणा असलेला दगडही मिळाला. जॉर्डनमधील शुबायका येथील चुलीत सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीच्या भाकरीसारख्या पदार्थाचे जळके तुकडे सापडले. ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे शेतीच्या कित्येक सहस्रके आधी माणूस भाकरी भाजत होता!

शिवाय या कल्पनेतला पुरुष भाला घेऊन शिकारीला जातो, आणि रोजचे अन्न मात्र जणू आपोआप येते. रिचर्ड ली यांनी १९६० नंतरच्या दशकात कलाहारी वाळवंटातील शिकारी लोकांचा आहार तोलून पाहिला. वजनाने साठ ते ऐंशी टक्के अन्न वनस्पतींचे होते आणि त्यातले बहुतेक बायकांनी वेचून आणलेले होते. शेती आली तेव्हाही भार सुटला नाही, उलट वाढला. सिरियातील अबू हुरेरा येथील सांगाड्यांत, विशेषतः बायकांच्या, गुडघे, पाठ आणि पायाचे अंगठे झिजलेले आढळतात; रोज तासन्‌तास गुडघ्यांवर बसून धान्य वाटल्याचा तो परिणाम. ज्यांच्या घरात जाते फिरले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको.

आता आपल्या घराकडे वळू. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सीलिअॅकची खूण असलेल्या रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण उत्तर भारतात शंभरात एकाहून थोडे अधिक, तर दक्षिणेत हजारात एक आढळले. प्रकृतीतला कल दोहोंकडे सारखाच असून गव्हाच्या सेवनात मोठे अंतर होते. आपल्याकडे पोळी ही बऱ्याच घरांत एके काळी सणावारीचीच होती. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई यांत हा चीक नाही. तेव्हा ज्या मुलाला हा रोग आहे त्याच्यासाठी परदेशी पीठ आणण्याची गरज नाही. आजीची भाकरी पुरते. फसवणूक होते ती दुसरीकडेच. बांधानी हिंगात पुष्कळदा मैदा असतो, आणि गिरणीत गव्हावर ज्वारी दळली तर त्या पिठात गहू उतरतोच. अशा मुलाला चिमूटभर गहूही बाधतो. ‘एक दिवस खाल्ले तर काय होते’ हा पाहुण्यांचा प्रेमळ आग्रह तेथे अपायकारक ठरतो.

म्हणूनच या दोन पथ्यांची गल्लत आम्हांस निरुपद्रवी वाटत नाही. पाषाणयुगाच्या नावावर जो तो गहू सोडू लागला की ज्याला खरोखरच सोडणे भाग आहे त्याचे पथ्यही लोकांना थेर वाटू लागते. दुसरा अपाय याहून मोठा. संशय आल्याबरोबर गहू बंद केला तर पुढे रक्ताच्या व आतड्याच्या तपासणीत रोगाची खूण सापडेनाशी होते. म्हणून आधी तपासणी आणि मग पथ्य, हाच क्रम योग्य.

आणि एक गोष्ट घरातल्या कर्त्या माणसांनी ध्यानात ठेवावी. पथ्य एकाचे असले तरी ते रांधणारे हात बहुधा एकाच बाईचे असतात. रोज दोन स्वयंपाक तिच्याकडून होणार नाहीत आणि ताटापुढे मूल एकटे पडले तर त्याचे पथ्यही फार दिवस टिकणार नाही. भात, भाकरी, आमटी, भाजी अशी एकच पंगत सर्वांची करावी, हिंग पारखून घ्यावा, दळण निराळे करून आणावे आणि हे दळण आणण्याचे काम घरातल्या पुरुषांनी पत्करावे. हेगच्या त्या आईजवळ पाषाणयुगाचा सिद्धांत नव्हता. रोज भरवताना मुलाकडे लक्ष देऊन पाहण्याची तिला सवय होती, आणि तिचे म्हणणे ऐकून मोजून पाहणारा एक माणूस तिला भेटला. या पथ्याच्या इतिहासातले सर्वांत भरवशाचे पान ते एवढेच आहे.